फिरणारी की न फिरणारी? लग्नाचं फुटेज ठेवायला काय घ्यावं

तुळशीचं लग्न झालं की माझ्या मावसभावाचा सिझन सुरू होतो. तो लग्नाचं शूटिंग करतो. कोल्हापुरात शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरच्या बाजूला तळमजल्यावर त्याचा छोटा स्टुडिओ आहे आणि घर आर. के. नगरला. यंदा पहिली तारीख लागायच्या आतच फोन आला.

"दादा, चार टीबीची हार्डडिस्क आणि एक टीबीची पोर्टेबल एसएसडी, दोन्ही साधारण तेवढ्यालाच येतीय. दुकानदार म्हणतोय हार्डडिस्कचा जमाना गेला. काय घेऊ सांग की."

हार्डडिस्क म्हणजे आत तबकडी फिरणारी, एसएसडी म्हणजे नुसत्या चिपांची, न फिरणारी. दुकानदार अर्धं खरं बोलला. कॉम्प्युटरच्या आत हार्डडिस्कचा जमाना खरंच गेला. आज कुणी नवीन मशीन असेंबल करताना विंडोज हार्डडिस्कवर टाकत असेल, तर त्याला मी हात जोडतो. पण कपाटात फुटेज ठेवायचं असेल तर हिशोब वेगळा होतो, आणि तो कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही.

म्हणून आधी त्याच्या एका लग्नाचं वजन काढलं. त्याचे दोन कॅमेरे फोर-के मध्ये १०० एमबीपीएसला रेकॉर्ड करतात. म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला १२.५ एमबी, तासाला ४५ जीबी. हळदीपासून वरातीपर्यंत दोन्ही कॅमेरे चार-चार तास चालले तर ३६० जीबी. फोटो धरून एक लग्न ४०० जीबीला पडतं. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या, त्यामुळे एक टीबीची एसएसडी लावली की ९३१ जीबी दिसते. त्यात दोन लग्नं बसतात, तिसऱ्याचा नुसता साखरपुडा. चार टीबीच्या डिस्कवर नऊ लग्नं आरामात जातात. एकाच पैशात दोन की नऊ, हा खरा प्रश्न.

"पण स्पीड?" तो म्हणाला.

स्पीडवरच सगळे फसतात. पोर्टेबल एसएसडीच्या खोक्यावर सेकंदाला १००० एमबी लिहिलेलं असतं आणि ते खोटं नसतं. पोर्टेबल हार्डडिस्क १२० ते १३० देते, भरत गेली की आतल्या ट्रॅकवर त्याहून खाली येते. खोक्यांवरचे आकडे बघितले तर सामना संपला. पण रात्री एक वाजता मांडवातून आल्यावर हा काय करतो? कार्ड रिडरला लावतो आणि कॉपी मारतो. त्याची कार्डं यूएचएस-वन जातीची आहेत, त्या जातीची कमाल मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी आहे आणि प्रत्यक्षात ती ९० च्या आसपास वाचली जातात. नळालाच पाणी बारीक येत असेल तर खाली घागर ठेवा नाहीतर बॅरल, भरायला वेळ तेवढाच. ४०० जीबी उतरवायला एसएसडीवरही सव्वा तास आणि हार्डडिस्कवरही सव्वा तास. त्याच्या स्टुडिओत बसून एक कार्ड दोन्हीकडं उतरवून बघितलं. चहा यायच्या आत संपेल म्हणून तो एसएसडीकडं बघत बसला होता. चहा आला, गार झाला, पट्टी अजून अर्ध्यावरच.

त्यातून त्याला दाखवलेली एसएसडी स्वस्तातली, क्यूएलसी चिपची. क्यूएलसीमध्ये एका सेलमध्ये चार बिट कोंबतात, टीएलसीमध्ये तीन. जास्त कोंबलं की लिहायला वेळ लागतो. हे झाकायला कंपनी थोडा भाग जलद कॅश म्हणून वापरते. ती कॅश आहे तोवर गाडी हायवेवर, संपली की थेट गंगावेशीतल्या बाजाराच्या गर्दीत. मोठी फाइल टाकताना कॉपीची रेघ सुरुवातीला आभाळाला टेकते आणि मध्येच धाडकन खाली येते, ती यामुळे. काही क्यूएलसी ड्राइव्ह तर कॅश संपल्यावर साध्या हार्डडिस्कपेक्षा हळू लिहितात. घ्यायचीच असेल तर टीएलसी आहे का हे विचारून घ्या. दुकानदाराला सांगता आलं नाही तर मॉडेल नंबर टिपून घरी या.

एडिटिंगचं मात्र वेगळं. तिथं एसएसडीला पर्याय नाही. हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावर हात सरकतो. ५४०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ५४०० फेरे मारणारी तबकडी एक फेरा ११ मिलिसेकंदांत मारते, म्हणजे हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी साडेपाच, वर हात सरकायचा वेळ वेगळा. टाइमलाइनवर दोन कॅमेऱ्यांचं फुटेज, गाणं आणि शेकडो प्रिव्ह्यू फाइली एकदम मागितल्या की ती बिचारी नुसती पळत बसते. एसएसडीत काही फिरतच नाही, त्यामुळे ती असल्या हजारो मागण्या सेकंदात उरकते. हार्डडिस्कवर एडिट करताना प्ले दाबल्यावर नवरदेव हार घेऊन थिजतो आणि आवाज पुढं निघून जातो, हे ज्यानं भोगलंय त्याला आकडे सांगायची गरज नाही.

मोठ्या पोर्टेबल हार्डडिस्कबद्दल आणखी एक गोष्ट खोक्यावर लिहिलेली नसते. त्यातल्या बऱ्याचशा एसएमआर पद्धतीच्या असतात. जागा वाचवायला ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, आपल्या जुन्या घरांवरच्या कौलांसारखे. मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्या वरची उचलावी लागतात. इथंही मधला एक ट्रॅक बदलला की शेजारचे पुन्हा लिहावे लागतात. त्यामुळे भरलेल्या डिस्कवर सारखं पुसून लिहीत राहिलं की ती रडकुंडीला येते. एकदा भरून ठेवून द्यायला तीच डिस्क उत्तम. म्हणजे गोदाम म्हणून पास, कामाचं टेबल म्हणून नापास.

पडझडीचा मुद्दा निघाला तेव्हा तो म्हणाला, "एसएसडी पडली तरी काय होत नाही." बरोबर आहे. हार्डडिस्कचं वाचणारं हेड तबकडीपासून १० नॅनोमीटरपेक्षाही कमी अंतरावर तरंगतं. चालू डिस्क टेबलावरून पडली की संपली. पण बंद केली की हेड बाजूला पार्क होतं, त्यामुळे मोटरसायकलच्या डिकीत टॉवेलात गुंडाळून नेली तर कोल्हापूरचे खड्डेसुद्धा ती सहसा सोसते. धोका आहे तो केबल लावलेली असताना, आणि केबलमध्ये पाय अडकणारं माणूस प्रत्येक घरात एक असतंच. आमच्या घरात ते मी आहे.

मरण दोघींनाही आहे, फक्त तऱ्हा वेगळी. हार्डडिस्क बहुतेक वेळा कुरकुर करून जाते. टकटक आवाज येतो, फोल्डर उघडायला वेळ लागतो, डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो लावलं तर निळ्याचं पिवळं झालेलं दिसतं. तेवढ्यात डाटा काढून घेता येतो, आणि नाही जमलं तर पैसे मोजून रिकव्हरीवाल्याकडं तबकडीवरून काही ना काही निघतं. एसएसडी काल रात्री चालू होती, आज सकाळी विंडोजला दिसतच नाही, अशी जाते. आतला सगळा कारभार बघणारी कंट्रोलर चिप गेली की रिकव्हरी फार अवघड. चुकून डिलीट झालेली फाइलसुद्धा बऱ्याचदा परत मिळत नाही, कारण मोकळी झालेली जागा एसएसडी स्वतःच साफ करून टाकते, त्याला ट्रिम म्हणतात.

आणि एसएसडीत डाटा म्हणजे कोंडून ठेवलेला विद्युतभार. वीज न मिळता पडून राहिली तर तो हळूहळू झिरपतो. घरगुती एसएसडीसाठीचं मानक असं आहे की ठरलेलं सगळं लिखाण होऊन ती पार झिजल्यावर, ३० अंशांत, बंद अवस्थेत एक वर्ष डाटा टिकला पाहिजे. नवी असेल तर त्याहून बरीच जास्त टिकते, घाबरायचं कारण नाही. पण लग्नाचा अल्बम म्हणून पाच वर्षं कपाटात टाकायची ही वस्तू नव्हे.

आता पाण्याचं. हे पुण्यातल्या माणसाला लिहिलं असतं तर गाळलं असतं.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रकार. २०१९ ला भावानं कॉम्प्युटर उचलून माळ्यावर टाकला, कॅमेरे घरी नेले. डिस्क राहिली टेबलाच्या खालच्या खणात. पाणी उतरल्यावर खण उघडला तेव्हा स्क्रूच्या खाचांत चिखल बसलेला होता. यानं ती पुसली, हेअर ड्रायर मारला आणि लावली. साध्या हार्डडिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, तिथून पाणी आत जातं. आतला गाळ वाळलेला, त्यावरून हेड फिरलं. एक खरवडल्यासारखा आवाज आला, बास. वाळवली नसती, चालू केली नसती आणि तशीच ओली पिशवीत बांधून रिकव्हरीवाल्याकडं नेली असती, तर निदान आशा तरी होती. पुराचं आणि हार्डडिस्कचं वाकडंच आहे म्हणा. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, तिथले डिस्कचे कारखाने बुडाले आणि जगभर हार्डडिस्कचे भाव चढले.

त्या खणात एसएसडी असती तर वाचली असती का? कदाचित. पण प्रश्न जातीचा नव्हताच. एकच प्रत होती आणि ती एकाच जागी होती. या गावाला ही गोष्ट नवी नाही, गांधीहत्येनंतर १९४८ च्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा सिनेमा स्टुडिओ पेटला होता. फिल्म असो नाहीतर डिस्क, दुसरी प्रत दुसऱ्या छपराखाली लागते.

म्हणून त्याला सांगितलं, पोर्टेबल एसएसडी घेऊ नकोस. चार टीबीच्या दोन हार्डडिस्क घे. एक आता, दुसरी पहिल्या लग्नाचा ॲडव्हान्स आला की. दोन्ही एकाच दिवशी एकाच खोक्यातल्या नकोत, एकाच लॉटमध्ये खोट असली तर दोन्ही जोडीनं जातील. दोन्हीवर तेच फुटेज, एक शाहूपुरीत आणि एक आर. के. नगरला. पार्टीला अल्बम आणि पेन ड्राइव्ह देऊन सहा महिने झाले की तो कच्चं फुटेज उडवतो, त्यामुळे नऊ लग्नांची जागा त्याला पुरते. बॅगेत लॅपटॉप घेऊन इचलकरंजी ते गगनबावडा फिरणारा आणि हॉटेलच्या खोलीत बसून एडिट करणारा माणूस असता, तर त्याला डोळे झाकून टीएलसीची पोर्टेबल एसएसडी घ्यायला लावली असती. हा एका खुर्चीत बसून काम करतो.

त्या खुर्चीसमोरच्या मशीनमध्ये एसएसडी हवीच, पण आतली. बोर्डावर एम-टूचा, म्हणजे आतली एसएसडी खोचायचा स्लॉट रिकामा निघाला. स्लॉट दिसला म्हणून हुरळून जायचं नाही, तो जलद जातीची एनव्हीएमई घेतो की नुसती जुन्या जातीची साटा, हे बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये बघायचं. साटा असेल तर सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या वर गाडी जात नाही. याचा एनव्हीएमई निघाला, पण जेन-थ्री, म्हणजे तिसऱ्या पिढीचा, फार तर ३५००. दुकानदार ७००० वाली जेन-फोर गळ्यात मारत होता. ती चालली असती, पण याच्या बोर्डावर ३५०० नंच. जास्तीच्या पैशात त्याला यूपीएसची बॅटरी बदलायला लावली, कारण कॉपी चालू असताना लाईट जायला शाहूपुरीत मुहूर्त लागत नाही. पोर्टेबल डिस्क एक्सफॅट फॉरमॅटमध्ये असेल तर असल्या वेळी फाइलींची यादीच बिघडू शकते. फक्त विंडोजवरच वापरणार असाल तर एनटीएफएस करून घ्या.

नॅस घेऊ का, हेही त्यानं विचारलं. दोन डिस्कचा डबा, घरातल्या सगळ्यांना वायफायवरून दिसतो, भारी वस्तू आहे. मला स्वतःला हवाय. पण त्यातल्या दोन डिस्क एकमेकींचा आरसा असतात. एकीवरून चुकून फोल्डर उडवला की दुसरीवरूनही तत्क्षणी उडतो, आणि पाणी आलं तर दोघी एकाच डब्यात बुडतात. तो बॅकअप नव्हे.

क्लाउडला त्याच्या फायबरवर १०० एमबीपीएस अपलोड मिळतो, त्या वेगाने एक लग्न चढायला नऊ तास. रात्री लावून झोपलं तर जमतं. भाडं मात्र जन्मभराचं. गुगल फोटोजचं अमर्याद फुकट १ जून २०२१ ला संपलं, आता सगळं मिळून १५ जीबी फुकट. त्याला फक्त तयार झालेली फिल्म आणि निवडलेले फोटो वर टाकायला सांगितलंय.

ऑनलाइन दीड-दोन हजारांत सोळा टीबीची एसएसडी दिसली तर तिकडं फिरकू नका. आत मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, सोळा टीबी असल्याचं खोटं सांगतं. लिहिलेलं आधी दिसतं, उघडायला गेलं की नाही. कुठलीही नवी डिस्क आणली की एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा तपासणीचा प्रोग्राम लावून एकदा पूर्ण भरून तपासायची, मगच तिच्यावर कुणाचं लग्न ठेवायचं.

दुसरी डिस्क मागच्या आठवड्यात आली. दर सोमवारी स्टुडिओतली घरी येते आणि घरातली स्टुडिओत जाते, म्हणजे दोन्ही भरत राहतात आणि दोन्ही फिरत राहतात. वर मार्करनं "अ" आणि "ब" लिहिलंय. घरची मावशीच्या कपाटात, वरच्या फळीवर, पैठणीच्या घडीत असते. परवा गेलो तेव्हा मावशीनं ती बाहेर काढून मला दाखवली.

"ह्येला मधनं मधनं चार्जिंगला लावाय लागतंय का रं?"