सीबी७५०चे चार कार्ब उघडून जोडले, त्यानंतरचे काही महिने

निकाल आधीच सांगतो. होंडा सीबी७५० या मोटरसायकलचे केहिन कंपनीचे जुने कार्ब (कार्बोरेटर, हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे भाग) उघडणार असाल, तर आतलं मूळ पितळ फेकू नका. जेट (बारीक भोकातून पेट्रोल मोजून सोडणारे तुकडे), नीडल (निमुळती सुई), इमल्शन ट्यूब (नीडल जिच्यात वरखाली होते ती नळी) साफ करा, तपासा, शाबूत असतील तर तेच परत बसवा आणि पैसा रबरावर खर्च करा. माझी गाडी १९७५ची, के५ ही आवृत्ती. कार्ब जोडल्यावर ती गर्दीत रेंगाळत चालवली, मोकळ्या रस्त्यावर तासन्‌तास पळवली, गारठ्यात चोक ओढून काढली. हे मत दर महिन्याला पक्कंच होत गेलं.

सीबी७५० १९६९ साली आली. ७३६ सीसी, चार सिलिंडर आणि प्रत्येकाला वेगळा कार्ब. एक कार्ब बिघडला तरी उरलेल्या तिघांवर ती चालत राहते, म्हणून दोष नेमका कुठे हे कळायला वेळ लागतो. इथे एक गोष्ट उपयोगी पडते. या इंजिनात एक कॉइल १ आणि ४ला स्पार्क देते, दुसरी २ आणि ३ला. अशी जोडीच्या जोडी थंड पडली, म्हणजे पेटत नसली, तर आधी इग्निशन बघा. एकच सिलिंडर थंड असेल आणि प्लग, प्लगची कॅप ठीक असेल, तर कार्बला हात घाला.

पार्ट शोधताना फोटोवर कधीच जाऊ नका, पार्ट नंबरवर जा. होंडाच्या जुन्या नंबरात पहिले पाच आकडे भागाचे आणि मधले तीन मॉडेलचे असतात. ३०० म्हणजे सीबी७५०. कार्बचे बहुतेक भाग १६ने सुरू होतात. के१ आणि के६चे कार्ब बाहेरून जुळे दिसतात, पण जेटिंग, म्हणजे जेटची मापं, बदललेलं असतं. त्यामुळे आधी आपल्या कार्बच्या अंगावरचा कोड वाचा, पार्टबुक उघडा आणि मगच ऑर्डर द्या.

मी एक तयार रिपेअर किटही मागवलं होतं, मुख्यतः गॅस्केटसाठी. त्यातले मेन जेट सहज म्हणून मूळ जेटशेजारी ठेवून मोजले. केहिनच्या या जेटवर १०५ लिहिलेलं असेल तर भोक साधारण १.०५ मिलिमीटरचं. मूळ चारही जेटमध्ये त्या मापाची पिन अलगद गेली, १.१०ची गेली नाही. किटमधल्या एका १०५मध्ये १.१०ची पिनही आरामात उतरली. नीडलचा निमुळतेपणाही मूळ नीडलशी जुळत नव्हता. अशा पितळावर कितीही ट्युनिंग केलं तरी चार सिलिंडर एकसारखे होणं कठीण. किटमधली फ्लोट बाउलची (कार्बच्या तळाच्या पेट्रोलच्या वाटीची) गॅस्केट मात्र चांगली निघाली, ती आजही कोरडी आहेत. आणखी एक: मिकुनी या दुसऱ्या कंपनीच्या षटकोनी मेन जेटचे आकडे पेट्रोलच्या प्रवाहावरून ठरतात, भोकाच्या मापावरून नाही. दोन्हींवर १०५ असलं म्हणून ते जेट एक होत नाहीत.

रबराबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळी मेख तिथे आहे. या कार्बात मेन जेट आट्यांवर बसत नाही. तो दाबून बसवतात, पट्टीची छोटी स्प्रिंग त्याला धरून ठेवते आणि गळ्यातली ओ-रिंग त्याला सील करते. ती ओ-रिंग कडक झाली की पेट्रोल जेटच्या भोकातून न जाता बाजूने वर चढतं. प्लग काळे पडतात, लोक जेट लहान करत बसतात आणि गाडी आणखी बिघडते. माझ्या जुन्या ओ-रिंग नखाने दाबल्या तर तुटत होत्या. त्यांच्या जागी व्हिटॉन या रबराच्या घेतल्या. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये व्हिटॉन साध्या नायट्राइलपेक्षा जास्त टिकतं. नुकतेच बाउल उतरवून पाहिलं, रिंग अजून मऊ आहेत, फुगलेल्या नाहीत.

कार्ब ज्या पट्टीवर बसवलेले असतात तिचे स्क्रू जपानी जेआयएस पद्धतीचे आहेत. साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, निसटतो आणि डोकं खाऊन टाकतो. जेआयएसचा ड्रायव्हर घ्याच. ड्रायव्हर लावून मागून हातोडीची हलकी टोच दिली की जुने स्क्रूही सुटतात.

साफसफाईला अल्ट्रासोनिक टब उत्तम, पण स्लो जेट (आयडलिंगचा जेट) उजेडासमोर धरून पाहिल्याशिवाय समाधान मानू नका. ४०च्या जेटचं भोक जेमतेम ०.४० मिलिमीटर. आत पोलादी तार घालू नका, पितळाला ओरखडा पडतो. वायरमधला तांब्याचा एक धागा पुरतो. इमल्शन ट्यूबचं तोंडही भिंगातून बघा. नीडल वर्षानुवर्षं घासून ते भोक लंबगोल होतं, आणि मग पाव ते अर्ध्या थ्रॉटलला मिक्स्चर जाड राहतं. एवढी एक झीज मात्र कितीही साफ करून भरून येत नाही. ट्यूब आणि नीडल जोडीने बदलावी लागतात, तीही अस्सल केहिनची.

बाउलमध्ये तरंगून पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची उंची २६ मिलिमीटर. मोजताना कार्ब तिरका धरा, फ्लोटची जिभली व्हॉल्व्हच्या पिनला फक्त टेकली पाहिजे, तिची बारीक स्प्रिंग दबता कामा नये. स्प्रिंग दाबून मोजलेलं माप खोटं असतं. फरक असेल तर जिभलीच वाकवा, फ्लोटचे हात नाही.

जोडणी झाल्यावर चार व्हॅक्यूम गेज लावून कार्ब एका पातळीवर आणले. तेव्हापासून आयडलिंग ९५०च्या आसपास स्थिर आहे, गरम इंजिनवरही आणि थंडीत चोक बंद केल्यावरही. कमी थ्रॉटलला वळणातून बाहेर पडताना जो झटका बसायचा, तो गेला. पिकअप वाढला असं म्हणणार नाही. गाडी मूळची जशी होती तशी चालते, आणि मला तेच हवं होतं. बाउलमध्ये टाकीचा बारीक गंज थोडा सापडला, म्हणून लाइनमध्ये फिल्टर टाकला.

एक काम अजून बाकी आहे. तिसऱ्या कार्बच्या बाउलमधली ओव्हरफ्लोची, म्हणजे जादा पेट्रोल बाहेर सोडणारी, उभी पितळी नळी लांबीत चिरलेली होती. अशी नळी असली की फ्लोट बरोबर असूनही खालून पेट्रोल ठिबकतं, आणि दोष उगाच फ्लोट व्हॉल्व्हवर जातो. बाउल सुटा काढून नळीच्या टोकाच्या जरा खालपर्यंत पेट्रोल भरा आणि कागदावर ठेवा. कागद ओला झाला तर नळी चिरलेली आहे. मी ती डाग देऊन बुजवली, आतापर्यंत टिकली आहे, पण न चिरलेला मूळ बाउल मिळाला तर तो बदलणार आहे. शोध चालू आहे.