ग्रेपनेट: युरोपला द्राक्षे पाठवताना आलेला अनुभव

निफाड तालुक्यातील आमच्या थॉमसन जातीच्या द्राक्षबागेतील माल 2008 पासून युरोपला जातो आणि तेव्हापासून प्रत्येक हंगामात मी ‘अपेडा’ या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेची ग्रेपनेट ही नोंदणी-सेवा वापरत आलो आहे. 2006 मध्ये सुरू झालेल्या या सेवेत प्रत्येक प्लॉटला स्वतंत्र क्रमांक मिळतो. कीटकनाशकांच्या उर्वरित अंशांचा अहवाल, माल पेट्यांत भरणाऱ्या पॅकहाऊसची नोंद, अ‍ॅगमार्क आणि फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचे) प्रमाणपत्र हे सारे त्याच क्रमांकाला जोडले जाते, त्यामुळे नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात पेटी उघडणाऱ्यालाही ती कोणत्या बागेतून आली याचा माग काढता येतो.

याचे मोल 2010 चा हंगाम पाहिलेल्या बागायतदाराला वेगळे सांगावे लागत नाही. वेलीची वाढ आटोक्यात ठेवण्यासाठी आपण वापरत असलेल्या सीसीसीचे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, अंश त्या वर्षी युरोपच्या किलोमागे 0.05 मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि पाठवलेला माल तिकडे अडकला. आपल्याकडील तपासणीच्या यादीत हे रसायन तोवर नव्हतेच. मर्यादा ठरते परदेशात, तिची झळ बसते इथल्या शेतकऱ्याला, आणि मधला निरोप वेळेवर पोहोचत नाही. विकसनशील देशांच्या निर्यातीतील ही अडचण मी तेव्हा जवळून पाहिली. पुढे सीसीसीची तपासणी सुरू झाली. आज नमुना नापास झाला तर त्या प्लॉटचा माल युरोपसाठी इथेच थांबतो, आणि मला ही या सेवेची सर्वांत मोठी कमाई वाटते.

तक्रार आहे ती वेळेची आणि खर्चाची. तपासणीचे पैसे माल विकण्याआधीच मोजावे लागतात, आणि एक एकरवाल्याला ते दहा एकरवाल्यापेक्षा कितीतरी जड जातात. एका वर्षी प्रयोगशाळेचा अहवाल चार दिवस उशिरा आला, तेवढ्यात अवकाळी पावसाने मणी तडकले आणि निर्यातीचा माल स्थानिक बाजारात मिळेल त्या भावाने द्यावा लागला. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार 22 फेब्रुवारी 2017 रोजी लागू झाला. नाशवंत माल सीमेवरून शक्य तितक्या लवकर सोडावा, असे त्यात कलम आहे. परंतु नाशवंत मालाचा वेळ बंदराच्या किती तरी आधी, बागेतच खर्च होऊ लागतो. त्यातच 2023 च्या अखेरीपासून लाल समुद्र टाळून जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागल्यावर प्रवास दीड-दोन आठवड्यांनी लांबला, तेव्हा इथे वाया गेलेला एकेक दिवस फळाच्या टिकाऊपणातून वजा झाला.

पाचपैकी चार गुण मी विश्वासाने देतो. नव्याने उतरणाऱ्या लहान बागायतदारांनी गोडी छाटणीपासूनच (फळ धरण्यासाठी केलेल्या छाटणीपासूनच) फवारणीची वही तारीखवार ठेवावी आणि पॅकहाऊसशी बोलणी गटाने करावीत. पाचवा गुण मी राखून ठेवला आहे तो एकाच सुधारणेसाठी: नमुना घेतल्याची तारीख आणि अहवाल देण्याची अंतिम मुदत शेतकऱ्याला त्याच्या प्लॉट क्रमांकासमोर दिसावी, आणि मुदत चुकल्यास प्रयोगशाळेला तिचे कारण तिथेच नोंदवावे लागावे.