सीटेक एमएक्सएस ५.०: उभ्या गाडीच्या बॅटरीसाठी चार्जर

गाडी बंद असली तरी अलार्म, घड्याळ, सेंट्रल लॉक थोडा करंट खातातच. ३० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर, ३५ अँपिअर-अवरची बॅटरी २४-२५ दिवसांत अर्ध्यावर. व्होल्टेज १२.४ च्या खाली राहिलं की आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि तो पुरता निघत नाही.

हा स्वीडिश चार्जर जास्तीत जास्त ५ अँपिअर देतो. साध्या मोडमध्ये १४.४ व्होल्टपर्यंत नेतो, मग १३.६ वर धरून ठेवतो, पुढे गरजेपुरते पल्स, म्हणजे करंटचे छोटे झटके. म्हणून महिनोन्‌महिने लावून ठेवता येतो. साध्या चार्जरला हे जमत नाही. तो पाणी उकळवत बसतो.

आधी लाल क्लिप प्लसला, मग काळी बॅटरीपासून लांब, चासीच्या रंग नसलेल्या धातूवर, शेवटी प्लग. काढताना उलटं. एजीएम बॅटरीला (हिच्यात आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेलं असतं) बर्फाच्या चिन्हाचा मोड (१४.७ व्होल्ट). रिकंडिशन मोड (पार उतरलेली बॅटरी सुधारण्यासाठीचा) १५.८ व्होल्टपर्यंत जातो, तेव्हा बॅटरी गाडीपासून सोडवलेली बरी. आणि हवा खेळती हवी, हायड्रोजन निघतो.

सोबतच्या रिंगवाल्या वायरी कायमच्या बसवून टाका, रोज बॉनेटखाली चाचपडणं वाचतं.

खरी अडचण सोसायटीच्या पार्किंगची: प्लग पॉइंटच नसतो. तिथे या चार्जरवर पैसे घालू नका. १० नंबरच्या पान्याने मायनस टर्मिनल सोडा. घड्याळ नि खिडक्यांचं ऑटो पुन्हा सेट करावं लागेल, इतकंच. रोज पाच मिनिटं इंजिन चालू ठेवणं मात्र निव्वळ पेट्रोलची नासाडी.