तालुका ग्रंथालयातून कादंबऱ्या निवडताना : नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनमध्ये, पावसाने नुकताच जोर धरला असताना, मी आमच्या तालुक्याच्या ग्रंथालयाची सभासद झाले. आमच्या घरात बोलणे कोंकणीत असले, तरी वाचन आजोबांपासून मराठीतच होत आले आहे. नोकरी आणि मुलांच्या शाळेत मात्र १० वर्षे अशी गेली की कादंबरी हातात धरली नाही. या नऊ महिन्यांत ३१ कादंबऱ्या घरी आणल्या आणि त्यांपैकी २२ पूर्ण वाचल्या. उरलेल्या नऊ अर्ध्यावर सुटल्या त्या बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतल्या, आणि त्यात दोष पुस्तकांचा कमी व माझ्या निवडीचा अधिक होता.

आमच्याकडे एका वेळी दोन पुस्तके १५ दिवसांसाठी मिळतात. सुरुवातीला मी नाव ऐकलेल्या दोन जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या एकदमच उचलल्या आणि दोन्ही अर्ध्या वाचून परत केल्या. रात्री जेवणखाण आवरल्यावर माझी ३०-४० पाने होतात, म्हणजे पंधरवड्यात साधारण ५०० पाने. हा हिशेब मनाशी पक्का झाल्यापासून एक मोठी कादंबरी घेतली की जोडीला लहान घ्यायची, असे मी ठरवून टाकले.

निवडीसाठी मला सर्वांत उपयोगी पडली ती पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखांची चिठ्ठी. प्रथम वाटले, ज्या पुस्तकावर शिक्के जास्त ते चांगले. पण ती चिठ्ठी नीट वाचावी लागते. एका ७०० पानी कादंबरीवर बरोबर पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन शिक्के होते आणि तिन्हींसमोर सभासद क्रमांक एकच होता. म्हणजे कोणीतरी ती दोनदा मुदत वाढवून, चिकाटीने वाचली होती. माझ्या दृष्टीने वीस वेगवेगळ्या वाचकांच्या शिक्क्यांपेक्षा ही शिफारस मोठी होती, आणि ती खरी ठरली. उलट, शिक्के नसलेले पुस्तक टाकाऊ असते असेही नाही. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही १९३९ सालची कादंबरी मला दोन जाड खंडांच्या मध्ये दडलेली सापडली. तिचा कणा इतका बारीक की नाव वाचायला मान वाकडी करावी लागली, आणि चिठ्ठीवरचा शेवटचा शिक्का सहा वर्षांपूर्वीचा. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेल्या बोटीवर ती घडते. आमच्या गावात घरटी एक तरी माणूस बोटीवर नोकरीला गेलेला असतो, त्यामुळे बंदर जवळ येताना लोकांचे मन कसे होते हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तरीही ती वाचून संपवल्यावर दोन दिवस मी दुसरे पुस्तक उघडू शकले नाही.

ग्रंथालयातील बऱ्याच जुन्या प्रतींना नवी कापडी बांधणी केलेली असते आणि त्यात मुखपृष्ठ व मलपृष्ठावरचा मजकूर दोन्ही जातात. मला ही सोयच वाटू लागली आहे. मी प्रस्तावना बाजूला ठेवते, कारण अनेक प्रस्तावनांत कथानक आधीच सांगून टाकलेले असते, आणि मधले कुठलेही एक पान उभ्याउभ्या वाचते. पहिले पान सगळेच लेखक जपून लिहितात. मधल्या पानावर दोन माणसे साधे काही बोलत असतील आणि ते ऐकत राहावेसे वाटले, तर पुस्तक घरी न्यायचे. त्याच वेळी बांधणी पूर्ण उघडून पाहावी. शिवताना आतला समास इतका आत गेलेला असतो की प्रत्येक ओळीतले शेवटचे अक्षर अडते. पावसाळ्यात तर पाने एकमेकांना चिकटलेली नाहीत ना, हेही पाहावेच लागते.

एक तक्रार मात्र मनापासून आहे. श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) दोन खंडांत आहे. पहिला खंड मी गणेश चतुर्थीच्या सुट्टीत अक्षरशः झपाटल्यासारखा वाचला. त्यातली कोकणातली खाडी, पोफळी आणि वाडे मला आमच्याच कुळागरांच्या पलीकडचे वाटत होते. दुसरा खंड मागायला गेले, तर तो नोंदवहीत होता आणि कपाटात नव्हता. ग्रंथपाल बाईंनी माझ्यासमोर तीन कपाटे उपसली. “मागच्या यादीत होता हो,” एवढेच त्या म्हणाल्या. हरवलेला खंड पुन्हा मागवला जात नसेल, तर पहिल्या खंडावर तशी चिठ्ठी तरी लावायला हवी. शेवटी पणजीला पाटो येथे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात बसून, तीन शनिवारी मी तो संपवला. १८३२ साली पोर्तुगीज राजवटीत सुरू झालेल्या या ग्रंथालयाला सोळाव्या शतकातील गोमंतकीय ग्रंथकाराचे नाव आहे, आणि तिथल्या शांततेत ती कादंबरी संपवल्याचे समाधान मोठे होते. आता दोन खंडांची कादंबरी दिसली की मी आधी दुसरा खंड शोधते, हातात घेते आणि मगच पहिल्याची नोंद करायला सांगते.

सध्या पिशवीत ‘गारंबीचा बापू’ आहे, तोही पेंडशांचाच, आणि जोडीला एका नव्या लेखिकेची १४० पानांची कादंबरी. तिच्या चिठ्ठीवर पहिला शिक्का माझ्यासाठीच उमटला आहे. दोन्ही येत्या मंगळवारी परत करायच्या आहेत.