नव्या लॅपटॉपवर विंडोज ७ : कुठवर चालतं, कुठे अडतं

विंडोज ७ चे सर्वसामान्यांसाठीचे सुरक्षा-अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले आणि पैसे भरणाऱ्या संस्थांसाठीचे १० जानेवारी २०२३ ला. तरी ती मागणारी माणसं आहेत आणि त्यांची गरज खरी आहे. डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या पॅकेजची जुनी आवृत्ती असते, तिचं डोंगल (परवाना तपासायला संगणकाला लावायची छोटी खुंटी) असतं आणि पेजमेकर या पानं जुळवायच्या प्रोग्राममधल्या वर्षानुवर्षांच्या फाइली असतात. त्या फाइलींतला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला कोड देणाऱ्या आजच्या पद्धतीत, नाही. मराठी अक्षराच्या जागी आत इंग्रजी अक्षराचा कोड बसलेला असतो, त्यामुळे नेमका तोच फाँट नसेल तर पानावर नुसती चिन्हांची खिचडी दिसते. कुणाकडे चांगला चालणारा स्कॅनर असतो, पण त्याचा ड्रायव्हर फक्त ३२-बिटचा. अशा माणसाचा जुना लॅपटॉप बिघडला की तो नवा आणतो आणि त्यावर जुनं विंडोज टाकून मागतो.

टाकता येतं का? प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे त्यावर ते ठरतं. लॅपटॉपची कंपनी किंवा किंमत इथे फारशी कामाची नाही.

पाचव्या पिढीपर्यंतच्या इंटेलवर विंडोज ७ मुकाट्याने बसतं. सहाव्या पिढीपासून, म्हणजे २०१५ पासून, खरी अडचण सुरू होते. इंटेलने चिपसेटमधला जुना ईएचसीआय (यूएसबी २.०) कंट्रोलर काढला आणि फक्त एक्सएचसीआय (यूएसबी ३.०) ठेवला. विंडोज ७ च्या डिस्कमध्ये त्याचा ड्रायव्हर नाही. पेनड्राइव्हवरून सेटअप सुरू होतो, कारण तोवर वाचायचं काम बायोस (यंत्र सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) करत असतो. ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबलं की ताबा विंडोजकडे जातो, पेनड्राइव्ह दिसेनासा होतो आणि पडद्यावर सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर मागणारी चौकट येते. बरेच जण मग डीव्हीडीचा ड्रायव्हर शोधत बसतात. त्यात डीव्हीडीचा काहीच संबंध नसतो, हरवलेला असतो यूएसबी.

दुसरी अडचण एनव्हीएमई एसएसडीची, म्हणजे नव्या जलद पद्धतीने जोडलेल्या डिस्कची. विंडोज ७ ला ती ओळखता येत नाही. मायक्रोसॉफ्टने नंतर दोन हॉटफिक्स (दुरुस्तीच्या फाइली) दिले, केबी २९९०९४१ आणि त्यातली चूक दुरुस्त करणारा केबी ३०८७८७३. दोन्ही याच क्रमाने घालायचे. सर्व्हिस पॅक १ असलेलीच डिस्क घ्यायची.

हे सगळं आधीच डिस्कमध्ये मुरवावं लागतं. त्यासाठी विंडोज १० किंवा ११ चा दुसरा संगणक आणि ‘डिझम’ ही कमांड पुरते. आयएसओतल्या, म्हणजे डिस्कच्या एका फाइलीतल्या प्रतीतल्या, फाइली एका फोल्डरमध्ये काढा. सोर्सेस फोल्डरमध्ये बूट.विम आणि इन्स्टॉल.विम अशा दोन फाइली असतात. बूट.विममध्ये दोन प्रतिमा (विंडोजच्या तयार प्रती) आहेत, सेटअप चालतो तो दुसरीतून. प्रतिमा रिकाम्या फोल्डरवर माउंट करा, म्हणजे उघडून जोडा, यूएसबीचा ड्रायव्हर ‘अ‍ॅड-ड्रायव्हर’ने आणि हॉटफिक्स ‘अ‍ॅड-पॅकेज’ने घाला, मग ‘कमिट’सह अनमाउंट करा. तो फोल्डर एक्सप्लोररमध्ये उघडा राहिला असेल तर अनमाउंट अर्धवट अडकतं, म्हणून सगळ्या खिडक्या आधी बंद करा.

इथे नव्वद टक्के काम झालं असं वाटतं आणि इन्स्टॉल.विम राहून जातं. बूट.विममधले ड्रायव्हर फक्त सेटअपपुरते असतात. पहिल्या रीस्टार्टनंतर जे विंडोज उठतं ते इन्स्टॉल.विममधून आलेलं असतं. त्यात एनव्हीएमईचा हॉटफिक्स नसेल तर निळा पडदा आणि ७बी हा कोड. यूएसबीचा ड्रायव्हर नसेल तर युजरचं नाव विचारणाऱ्या पडद्यावर यूएसबी माउस मेलेला. इन्स्टॉल.विममध्ये होम प्रीमियम, प्रोफेशनल, अल्टिमेट अशा वेगवेगळ्या प्रतिमा असतात. जी टाकायची तिचा क्रमांक ‘गेट-विमइन्फो’ने पाहून त्याच प्रतिमेत सगळं पुन्हा घाला. सोबत केबी ४४९०६२८ आणि त्यानंतर केबी ४४७४४१९ घाला. त्यांच्याविना नव्या पद्धतीने सही केलेले ड्रायव्हर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेसह ‘कोड ५२’ दाखवत बसतात.

एवढं नीट केलं तर सहाव्या पिढीच्या लॅपटॉपवर विंडोज ७ खरोखर छान चालतं. ग्राफिक्सचा अधिकृत ड्रायव्हर मिळतो आणि इंटेलचं ८२६० सारखं वायफाय कार्डही चालतं. सातव्या पिढीवरही बसवता येतं, पण एप्रिल २०१७ पासून मायक्रोसॉफ्टने त्या प्रोसेसरवर विंडोज ७ चे अपडेट अडवले. त्यामुळे हवे ते अपडेट हाताने उतरवून घालावे लागतात. ज्यांना प्रत्यक्ष यंत्रावर विंडोज ७ हवंच आहे त्यांनी सहाव्या पिढीचा वापरलेला लॅपटॉप घ्यावा. त्यावरचा खर्च सत्कारणी लागतो.

अकराव्या पिढीपासून पुढे मात्र आमचं मत स्पष्ट आहे : नको. बायोसमध्ये सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करायची सोय, बहुतेक लॅपटॉपमध्ये उरलेली नाही. विंडोज ७ ची ६४-बिट आवृत्ती यूईएफआयवर, म्हणजे बायोसच्या नव्या रूपावर, बूट होते, पण पडदा सुरू करायला तिला जुन्या व्हिडिओ बायोसची इंट १०एच ही सेवा लागते. ती नसल्याने ‘स्टार्टिंग विंडोज’ ही अक्षरं येतात आणि चित्र तिथेच गोठतं. यूईएफआय-सेव्हन नावाचं छोटं साधन त्या सेवेचं सोंग घेतं. त्याची बूट फाइल मूळ फाइलच्या जागी ठेवायची, मूळ फाइलचं नाव बदलायचं आणि सिक्युअर बूट (सही नसलेल्या बूट फाइली अडवणारी सोय) बंद करायचं. त्याने काही यंत्रांवर विंडोज उठतं.

पण उठून मिळतं काय? ग्राफिक्सचा ड्रायव्हर नाही, म्हणून ‘स्टँडर्ड व्हीजीए’वर काम. ब्राइटनेस कमी-जास्त होत नाही, एचडीएमआयवर दुसरा मॉनिटर लागत नाही. टचपॅड आयटूसी पद्धतीचा असतो आणि ती सोय विंडोज ८ मध्ये पहिल्यांदा आली, त्यामुळे बोट कितीही फिरवा, बाण हलत नाही. झाकण मिटवून झोपवण्याची जुनी एस३ अवस्था अनेक नव्या लॅपटॉपमधून गेलेली आहे. नव्या वायफाय कार्डाला ड्रायव्हर नाही. आरटीएल८१५३ चिपचा यूएसबी-इथरनेट अडॅप्टर लावून काम भागतं, तेही यूएसबी चाललं तर. ३२-बिटची आवृत्ती तर यूईएफआयवर बूटच होत नाही, आणि झाली असती तरी १६ जीबीतली चार जीबीसुद्धा पुरती दिसली नसती.

प्रयोग करायचाच असेल तर एक गोष्ट जीव ओतून सांगावीशी वाटते. बायोसला हात लावण्याआधी लॅपटॉपमधल्या विंडोज ११ ची बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची) ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. डिव्हाइस एन्क्रिप्शन अनेकदा आपल्या नकळत चालू असतं. सिक्युअर बूट बंद केलं की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ती की मागितली जाते आणि नसेल तर डेटा गेला. डिस्क सेटअपमध्ये दिसावी म्हणून व्हीएमडी (डिस्क हाताळणारी इंटेलची बायोसमधली सोय) बंद करणाऱ्यांनीही सांभाळावं. त्याने आधीचं विंडोज ११ उठेनासं होतं. घाबरून फॉरमॅट मारू नका, व्हीएमडी पुन्हा चालू करा.

जुनी कामं चालवायला नव्या लॅपटॉपवर खरा मार्ग व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे विंडोज ११ च्या आत प्रोग्रामने उभ्या केलेल्या संगणकाचा. विंडोज ११ तसंच ठेवा, त्यासाठीचा व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्राम टाका आणि आत ३२-बिट विंडोज ७ बसवा. जुन्या पॅकेजचा इन्स्टॉलर पुष्कळदा १६-बिटचा असतो आणि तो ६४-बिट विंडोजवर चालतच नाही, म्हणून ३२-बिट. दोन कोर, ३ जीबी रॅम, ४० जीबीची डायनॅमिक डिस्क आणि १२८ एमबी व्हिडिओ मेमरी एवढ्यात पेजमेकर मोकळेपणाने चालतं. यूएसबीच्या सेटिंगमध्ये २.० निवडा. ३.० ठेवलंत तर वर सांगितलेलंच दुखणं मशीनच्या आत उगवतं. डोंगल लावून त्याचा फिल्टर (ते आपोआप आतल्या मशीनला जोडणारा नियम) करा, त्यात व्हेंडर आणि प्रॉडक्टचा क्रमांक ठेवा आणि पोर्टचा रकाना रिकामा करा. म्हणजे उद्या डोंगल दुसऱ्या खाचेत लावलं तरी सापडतं. डोंगल जुन्या प्रिंटर पोर्टचं असेल तर यूएसबीची वायर घेऊन पैसे वाया घालवू नका. ती वायर प्रिंटरपुरती असते, डोंगल तिच्यातून वाचलं जात नाही.

मशीनच्या खिडकीत खाली उजवीकडे हिरवं कासव दिसलं तर व्हर्च्युअलबॉक्स हायपर-व्हीच्या (व्हर्च्युअल मशीनसाठीच्या विंडोजच्याच सोयीच्या) आडून चालतंय आणि त्यामुळे मंद आहे. कोअर आयसोलेशनमधलं ‘मेमरी इंटिग्रिटी’ बंद केल्याने ते बहुधा जातं, पण विंडोज ११ चं एक संरक्षण त्यात कमी होतं. आधी कासवासह काम करून पाहा. मजकूर जुळवणीला तो वेग अनेकदा पुरतो.

आतल्या मशीनला इंटरनेट देऊ नका, नेटवर्क ‘नॉट अटॅच्ड’ ठेवा. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं क्रोम १०९ होतं, २०२३ च्या जानेवारीतलं. त्यावर बँकेची साइट उघडू नये. फाइलींची ने-आण शेअर्ड फोल्डरमधून करा, आतून पीडीएफ काढा आणि छपाई बाहेरच्या विंडोजमधून करा.

परवान्याचंही पाहा. जुन्या लॅपटॉपच्या पोटावर चिकटवलेली ओईएम (यंत्रासोबत आलेली) की त्याच यंत्राची असते, वेगळी घेतलेली रिटेल की मात्र हलवता येते.

सगळं जमल्यावर मशीन शटडाऊन करून तिचा अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. लॅपटॉप बदलला तरी फोल्डर नव्या यंत्रावर ठेवून ‘अ‍ॅड’ केलं की तेच फाँट आणि त्याच फाइली समोर येतात, विंडोज पुन्हा बसवावं लागत नाही.