परसातल्या कोंबड्यांचं खुराडं: डालगं, पक्कं घर की जाळीबंद आवार?

आठ-दहा गावठी कोंबड्या पाळायच्या ठरवल्या की पहिला खर्च पिल्लांवर होतो आणि दुसरा खुराड्यावर. हा क्रम उलटा हवा. आधी घर उभं करावं, मग पिल्लं आणावीत. आणि घर कसलं बांधायचं हे ठरवण्याआधी आपल्या परसात कोण येतं आणि किती वाजता येतं, ते नीट पाहावं.

कोकणात, विशेषतः सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या वाड्यांमध्ये, ही यादी लांब असते. मुंगूस येतं ते दिवसाढवळ्या. माणसं जेवून आडवी झाली की गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेने सरपटत येतं, दोन दगडांच्या फटीत थांबून अंदाज घेतं आणि पिल्लू उचलून त्याच वाटेने परत जातं. घार आणि शिक्रा दिवसाचे. बाऊल, म्हणजे रानमांजर, तिन्हीसांजेला किंवा पहाटे. उदमांजर रात्री, तेही वरून, कारण झाडावर चढणं आणि कौलं सरकवणं त्याला नवीन नाही. नागाला अंडी आणि पिल्लं हवी असतात. धामण मुळात येते उंदरांसाठी, पण समोर पिल्लू दिसलं तर सोडत नाही. वस्तीत सगळ्यात जास्त नुकसान मात्र मोकाट कुत्री करतात, कारण ती एकावर थांबत नाहीत. आत शिरली की फडफडणारी प्रत्येक कोंबडी मारून तिथेच टाकतात.

म्हणजे प्रश्न दोन आहेत: रात्रीचं काय आणि दिवसाचं काय. बरेच जण पहिल्याचं उत्तर शोधतात आणि दुसरा विसरतात.

रात्रीसाठी: डालगं, लाकडी खुराडं, चिऱ्याची खोली

बांबूचं डालगं, म्हणजे कोंबड्या झाकायची विणलेली टोपली, सगळ्यात स्वस्त. चार-पाच कोंबड्या असतील तर आजही वाईट नाही, पण एका अटीवर. पूर्वी डालगं पडवीत असायचं, वर दगड असायचा आणि शेजारी घोंगडी टाकून कुणीतरी झोपलेलं असायचं. राखण खरी त्या माणसाची होती, बांबूची नव्हती. आता पडवीला ग्रिल लागलं आणि माणसं पंख्याखाली गेली. ग्रिलच्या गजांमधून मांजर येतं, तर उदमांजर का येणार नाही? दाराआडच्या बंद खोलीत ठेवणार असाल तर डालगं घ्या, एरवी नको.

लाकडी किंवा लोखंडी अँगलचं उंचावरचं खुराडं बहुतेकांना परवडतं. दहा कोंबड्यांना 4 बाय 5 फूट, म्हणजे कोंबडीमागे 2 चौरस फूट, रात्रीपुरती पुरतात. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ठेवलं की खाली झाडता येतं आणि घुशीला बीळ करून थेट आत निघता येत नाही. लाकडाला वाळवी आणि पाऊस हे दोन्ही शत्रू. कोकणात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा पाय जमिनीत न गाडता चिऱ्यावर टेकवावेत. अँगल घेतला तर वाळवीचा प्रश्न मिटतो, पण समुद्राजवळ गंज धरतो. रेड ऑक्साइडचा हात दरवर्षी पावसाआधी मारावा लागेल.

चिऱ्याची किंवा विटांची खोली महाग, पण बिबट्याच्या भागात मी दुसरं काही सुचवणार नाही. जुन्नर, नारायणगाव, ओतूरकडच्या उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. जाळी कितीही चांगली असली तरी त्या वजनापुढे आणि पंजापुढे तिचा भरवसा धरता येत नाही. तिथे भिंत, वर पक्कं छप्पर आणि लोखंडी दार लागतं, आणि कोंबड्या अंधार पडण्याआधी आत. चिऱ्याच्या खोलीत दोन चुका हमखास होतात. एक, चिऱ्यांमधल्या दर्जा, म्हणजे सांध्यांच्या फटी, भरत नाहीत. त्या फटींत उंदीर राहतो, मागोमाग साप येतो. आतून गिलावा करून घ्या, नाहीतर निदान दर्जा तरी नीट भरा. दुसरी, थंडी-पावसाच्या भीतीने खिडक्याच ठेवत नाहीत. मग विष्ठेचा अमोनिया कोंडतो आणि कोंबड्या शिंकायला लागतात. समोरासमोरच्या दोन भिंतींत छपराखाली लांबट झरोके हवेतच, बारीक जाळीचे.

कौलारू छप्पर असेल तर कौलांखाली जाळी ताणून बसवा. भिंत आणि छप्पर जिथे भेटतात तिथली फट बोटाने तपासा. दार भक्कम केलं आणि तिथे चार बोटं जागा राहिली, तर उदमांजराला दाराची गरजच नाही.

दिवसासाठी: मोकळं अंगण की जाळीबंद आवार

मोकळ्या कोंबड्या किडे, गवत, सांडलेलं धान्य खातात, त्यामुळे खाद्याचा खर्च कमी होतो. अंगणात दिवसभर माणसाचा वावर असेल, कुत्रं राखणीला असेल आणि कोंबड्या चपळ गावठी असतील, तर दिवसा मोकळं सोडणं हाच शहाणपणाचा पर्याय आहे. अधूनमधून एखादी जाणार, हे धरून चालायचं. वनराजासारख्या अंगाने जड सुधारित जाती मात्र झाडावर उडून जीव वाचवू शकत नाहीत. त्या पाळणार असाल, किंवा दिवसभर घरात कुणी नसेल, तर आवार लागतं.

आवाराचा हिशेब आधीच मांडून पाहा. 10 बाय 10 फुटांचं, 6 फूट उंचीचं आवार घेतलं तर बाजूंना 240 चौरस फूट जाळी, वर 100, आणि तळाशी बाहेर पसरायची पट्टी धरून आणखी नव्वदेक. चारशे तीस चौरस फुटांच्या आसपास झालं. उंच खुराड्याच्या वरच्या अर्ध्या भागाला चारही बाजूंनी जाळी लावली तर चाळीस चौरस फुटांत काम होतं. म्हणून सगळीकडे एकच भारी जाळी लावायचा हट्ट नको. खुराड्याला सर्वांत बारीक, आवाराला मध्यम.

चाकांचं किंवा उचलून सरकवायचं बिनतळाचं खुराडंही मिळतं. सपाट जमिनीवर ठीक. कोकणातल्या उतारावर, मुळांच्या गाठींवर ते कुठेतरी अधांतरी राहतं आणि मुंगसाला तेवढी फट पुरे.

जाळीत पैसे वाचवू नका

दुकानात ‘चिकन मेश’ मागितली की षटकोनी डोळ्यांची हलकी जाळी हातात पडते. ती कोंबडीला आत ठेवते. बाहेरच्याला बाहेर ठेवणं तिला जमत नाही. तार बारीक आणि पिळलेली असते, त्यामुळे कुत्र्याने दात लावून ओढली की उसवत जाते. दोन पावसाळे गेले की गंजून हातानेही तुटते. विभाजनाला किंवा पिल्लांच्या खोक्याला चालेल.

वेल्डमेश, म्हणजे तारा एकमेकींना वेल्ड केलेली चौकोनी डोळ्यांची जाळी, तिच्या कितीतरी पट महाग, पण खुराड्याला तीच. अर्धा इंच बाय अर्धा इंच डोळ्याची घेतली तर उंदीर आणि बहुतेक साप अडतात. एक इंची जाळीतून छोटा साप सहज जातो, आणि आत अंडं गिळलं की फुगलेल्या पोटाने त्याला बाहेर पडता येत नाही. सकाळी अंडी काढायला हात घालणाऱ्याला हे परवडणारं नाही. आवाराला एक इंची वेल्डमेश पुरते, मोठं मुंगूस आणि बाऊल तिच्यातून येत नाही. खालच्या दोन फुटांना अर्धा इंची लावता आली तर पिल्लंही सुरक्षित. गेज बघताना लक्षात ठेवा, आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. 22 गेज स्वस्त दिसते म्हणून उचलू नका.

दोन इंची चेन-लिंक, म्हणजे कुंपणाला लावतात ती विणलेल्या तारेची जाळी, कुत्र्यांसाठी भक्कम, मुंगसासाठी नाही. घारीसाठी वरून मासेमारीचं जुनं जाळं टाकतात, ते चालतं. फक्त ते जमिनीपर्यंत लोंबू देऊ नका, कारण नायलॉनमध्ये साप अडकतो आणि मग सर्पमित्राला बोलवायची वेळ येते. मुंगूस असो, साप असो की बिबट्या, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांना संरक्षण आहे. सापळे आणि विष हा पर्यायच नाही, तेव्हा तो खर्चही जाळीतच घाला.

जाळी टाचण्यांनी ठोकू नका. वर लाकडी किंवा लोखंडी पट्टी ठेवून स्क्रू आणि वॉशरने आवळा. बसायच्या दांड्या जाळीपासून हातभर आत ठेवा, नाहीतर रात्री बाहेरून मान ओढली जाते आणि सकाळी जाळी शाबूत, कोंबडी मेलेली.

खालून उकरणाऱ्यांसाठी दोन उपाय आहेत. एक, जाळी फूट-दीड फूट खोल गाडणं. जांभ्या कातळावर हे पहारीनेही होत नाही, आणि देशावरच्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडून पुन्हा वाट होते. दुसरा उपाय मला दोन्हीकडे बरा वाटतो: जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर दोन फूट आडवी पसरायची आणि वर चिरे किंवा दगड रचायचे. कुत्रं भिंतीच्या पायथ्याशीच उकरायला लागतं आणि जाळीवर अडतं. घुशीचा त्रास फार असेल तर आतल्या खोलीला तीन इंची कोबा करा. आणि खाद्य पत्र्याच्या डब्यात, नाहीतर सगळा खर्च उंदरांना आमंत्रण देण्यात जातो.

दार कोण लावणार?

कोंबड्या तिन्हीसांजेला आपापल्या आत जातात. दार मात्र माणसाला लावावं लागतं. नुसत्या हुकावर विसंबू नका, कडी आणि तिच्यात कुलूप किंवा स्प्रिंगचा हुक, कारण कोंबडीचोर दोन पायांचेही असतात. स्वयंचलित दारं मिळतात, प्रकाशावर किंवा घड्याळावर चालणारी. श्रावणात दुपारी तीनला अंधारून येतं आणि प्रकाशावरचं दार कोंबड्या बाहेर असतानाच मिटतं. घड्याळाचं आणि बॅटरीचं घ्या. शनिवार-रविवारपुरतं गावी येणाऱ्यांनी यंत्राच्या भरवशावर कोंबड्या ठेवू नयेत. शेजारचं कुणी रोज संध्याकाळी डोकावणार असेल तरच.

पैसे बेताचे असतील तर मी असं करेन: या वर्षी अर्धा इंची जाळीचं पक्कं खुराडं आणि दिवसा मोकळं अंगण, आवार पुढच्या वर्षी. राणीखेत, म्हणजे मानमोडीच्या लसीसाठी मात्र थोडे पैसे राखून ठेवावेत, कारण ती आली तर जाळी काही करू शकत नाही. आणि सुताराला किंवा वेल्डरला माप देण्याआधी दुकानात जाऊन जाळीचा रोल किती रुंदीचा मिळतो ते पाहा. 3 फुटी मिळत असेल तर खांब 3 फुटांवर, 4 फुटी असेल तर 4 वर. म्हणजे मध्ये सांधा येत नाही आणि तुकडे वाया जात नाहीत.