समुपदेशक की मानसोपचारतज्ज्ञ?
मावसबहीण विचारत होती, आधी कुणाकडे जाऊ? चहाचं आधण आटून पातेलं करपतं तरी तिला उठवत नाही, पहाटे ३ लाच जाग येते. रोज, सलग २ आठवडे. मी तिला म्हटलं, हा आळस नव्हे गं, नैराश्य असू शकतं.

समुपदेशक निवांत ऐकतात, विचारांची गाठ सोडवतात. पण औषध देऊ शकत नाहीत आणि दर भेटीची फी जड जाते. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असतात. भेट आटोपशीर, सरकारी रुग्णालयात खर्चही कमी. गोळ्यांचा गुण यायला मात्र काही आठवडे लागतात. न विचारता बंद करू नयेत.

कामं उरकताहेत, मन भरून येतंय, तर समुपदेशक पुरेत. तिच्यासारखी झोप उडाली असेल तर डॉक्टर. जगणं नकोसं वाटलं तर आजच. रात्री-अपरात्री टेली-मानस, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन: १४४१६, मोफत.